शब्दाआधी पाणी

“मग तुझ्या घरातल्या दिव्याचं बिल कोण भरतं?”

अक्कामाईंनी विचारलं, तेव्हा त्यांच्या हातातली वात अर्धी वळून झाली होती.

समोर बसलेल्या कुमुदिनीबाई बोंद्रे हसल्या. प्रश्न त्यांना फार सोपा वाटला.

“अक्का, त्या सगळ्यातून मी मोकळी झाले.”

“झालीस. पण बिल कोण भरतं?”

कृष्णाकाठचा हा मठ लहानसा. एक औदुंबर, त्याखाली पादुका, मागे पडवी आणि स्वयंपाकाची खोली. चातुर्मासाच्या तोंडावर आम्ही बायका तिथे वाती वळायला जमतो. अक्कामाई पडवीत भिंतीला टेकून बसतात. त्यांना उपदेश करताना कुणी ऐकलेलं नाही. त्या विचारतात, मग गप्प बसतात... आणि घरी जाताना ते विचारलेलंच आपल्यासोबत एसटीत चढतं.

कुमुदिनीबाई मिरजेच्या. यजमानांचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. त्या आल्या होत्या मौनव्रत मागायला. आषाढी एकादशीला बसायचं, कार्तिकीला उठायचं. मधे एक अक्षर बोलायचं नाही. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं. पिशवीत नारळ, खण आणि खडीसाखर होती. फक्त अक्कामाईंच्या समोर संकल्पाचं पाणी सोडायचं, एवढंच बाकी होतं.

“विश्रामभावजी भरतात,” त्या म्हणाल्या. “शेजारी आहेत आमच्या. यांचे मित्र. शाळेत मास्तर होते. देवमाणूस.”

“आणि पैसे?”

“चेकनं. मी अख्ख्या चेकबुकावर सह्या करून त्यांच्याकडे देऊन ठेवलंय. जसजशी बिलं येतील तसतसं ते लिहितील. मौनात असताना त्यांनी मला विचारायला नको, मी त्यांना सांगायला नको.”

सगुणाबाई मठातला स्वयंपाक बघते. ती गव्हातले खडे निवडत होती. तिचा हात थांबला.

“सगळ्या पानांवर?”

“सगळ्या. एका बैठकीत. एकेका सहीला एकेक नाम घेतलं.”

“अगंबाई. जपाच्या सह्या,” सगुणाबाई म्हणाली. “आम्ही आपले मण्यांवरच अडकलो.”

कुमुदिनीबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

“आकडा?” अक्कामाईंनी विचारलं.

“आकडा कोरा. बिल किती येईल ते मला आधी कसं कळणार?”

“नाव?”

“तेही कोरं. कधी विजेचं, कधी पाण्याचं, कधी घरपट्टी. ज्याचं त्याचं नाव भावजी घालतील. सही माझी, बाकी हात त्यांचा.”

अक्कामाईंनी वात ताटात ठेवली. दुसरा कापूस घेतला.

“खातं कुठलं हे?”

“एकच तर आहे. पेन्शन त्यातच येते. यांच्या फंडाचे पैसेही त्यातच.”

“म्हणजे तुझं म्हातारपण त्यात.”

“माझं म्हातारपण देवाच्या हातात, अक्का.”

हे त्या इतक्या छान म्हणाल्या, की आमच्यातल्या दोघीतिघींनी माना डोलावल्या.

अक्कामाई वात वळत राहिल्या.

कुमुदिनीबाईंना ती पसंती वाटली. त्या पुढे सांगू लागल्या. “माझी लेक बंगलोरला असते. ती म्हणाली, आई, मोबाइलवर बँक करून देते, घरबसल्या बिलं भरशील. मी नाही म्हटलं. बटणांचा फोन आहे तोच पुरे. जे डोळ्यांना दिसत नाही, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.”

“देव दिसतो का गं तुला?” सगुणाबाईनं खडा बाजूला टाकत विचारलं.

“सगुणा,” अक्कामाई म्हणाल्या. एवढंच.

मग कुमुदिनीबाईंकडे वळून म्हणाल्या, “मोबाइलवर बँक नसली तर काही अडतं असं नाही. माझ्याकडे तर भिंतीवरचं घड्याळही नाही. मग तुझे यजमान काय करायचे?”

“ते खिडकीवर जायचे. रांगेत उभे राहून भरायचे. आणि पावती तारेला लावायचे.”

“कसली तार?”

“असते ना... खालून वळवलेली, वर टोक. भरलेल्या बिलांच्या पावत्या त्यात ओवून ठेवायचे. दाराच्या मागे खिळ्याला. मला तर ती दिसली की वाटायचं, माणसानं एवढा प्रपंच करूच नये. ते गेल्यावर माळ्यावर टाकली.”

“त्यात शेवटचं काय ओवलंय?”

कुमुदिनीबाईंनी पिशवीतला नारळ सारखा केला.

“बघितलं नाही,” त्या म्हणाल्या. “मी त्या सगळ्यातून मन काढून घेतलंय, अक्का. म्हणून तर मौन मागायला आले. घराच्या कटकटीचा एक शब्द तोंडातून जायला नको. आज दशमी. आज संकल्प द्या, उद्यापासून बसते.”

“देते की.”

अक्कामाईंनी पुढ्यात ताम्हन ओढलं. पंचपात्रीतून पळीभर पाणी घेतलं.

“हात पुढे कर.”

कुमुदिनीबाईंनी पदर सावरला, उजवा तळहात पुढे केला. डोळे मिटले. आम्ही वाती खाली ठेवल्या. संकल्प ऐकताना हाताला काम नसावं, असं आपल्यात म्हणतात.

पाणी तळहातावर पडलं.

“सोड,” अक्कामाई म्हणाल्या.

कुमुदिनीबाईंनी डोळे उघडले.

“अक्का... संकल्प म्हणायचा राहिला.”

“राहू दे. पाणी सोड.”

“पण काय करणार, कुठवर करणार, ते म्हटलंच नाही.”

“मी म्हणेन मागाहून.”

“काय म्हणाल?”

“जे तेव्हा सुचेल ते. मौन म्हणेन. नाहीतर निर्जळी म्हणेन. नाहीतर म्हणेन, बारा वर्षं अनवाणी चालेन. तुझ्याच नावानं म्हणेन, काळजी करू नकोस.”

“असं कसं, अक्का...”

“का? माझ्यावर विश्वास नाही?”

“आहे. तुमच्यावर नाही तर कुणावर?” कुमुदिनीबाईंचा आवाज बारीक झाला. “पण शब्दाआधी पाणी कसं सोडायचं? एकदा पाणी सुटलं की ते माझं झालं. मग तुम्ही काहीही म्हटलंत तरी मला ते...”

त्या थांबल्या.

बोटांच्या फटीतून पाणी ठिबकत होतं. त्यांनी बोटं घट्ट आवळली. आवळली तरी ठिबकतच राहिलं...

अक्कामाई कापूस पिंजत होत्या.

सगुणाबाईनं परातीतला एकही गहू हलवला नाही.

कुमुदिनीबाई म्हणाल्या, “शेवटची एसटी किती वाजता आहे?”

“आत्ता निघालीस तर मिळेल.”

“हे पाणी?”

“तुळशीला घाल. तुळस काही विचारत नाही.”

कुमुदिनीबाई उठल्या. मूठ तशीच आवळून तुळशीपाशी गेल्या. उरले होते ते दोन थेंब घातले. चपला घालताना वळल्या. चेहरा उतरला होता.

“अक्का, उद्या एकादशी. मी परत येईपर्यंत चातुर्मास सुरू होऊन जाईल. गल्लीत सगळ्यांना सांगून बसलेय.”

“पौर्णिमेलाही बसता येतं,” अक्कामाई म्हणाल्या. “आणि गल्लीला काय, गल्ली थांबते.”

पौर्णिमेला आम्ही पुन्हा जमलो. गुरुपौर्णिमा म्हणून माणसं जरा जास्त होती. दुपारच्या नैवेद्यानंतर पडवी रिकामी झाली, आणि तेव्हा कुमुदिनीबाई आल्या.

सोबत एक उंच, वाकलेले गृहस्थ होते. पांढरी टोपी, हातात छत्री. ते पडवीच्या पायरीवरच बसले.

“हे विश्रामभावजी,” कुमुदिनीबाई म्हणाल्या.

अक्कामाईंनी त्यांना वर बोलावलं. ते म्हणाले, “इथंच बरं आहे.”

“जेवलात?”

“जेवलो. आज बऱ्याच दिवसांनी नीट जेवलो.”

अक्कामाईंनी कुमुदिनीबाईंकडे पाहिलं.

“सांग.”

“त्या रात्री तशीच भावजींच्या दारात गेले,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “म्हटलं, भावजी, चेकबुक परत द्या. मला वाटलं त्यांना राग येईल. म्हणतील, माझ्यावर संशय घेतला. तर ते खुर्चीत बसले आणि...”

“रडलो,” विश्रामभावजी म्हणाले. “सांगा की, वहिनी. त्यात काय लाजायचं.”

“रडले.”

“कोऱ्या सह्या घरात होत्या हो, माई,” भावजी अक्कामाईंना म्हणाले. “आज कपाटात ठेवायच्या. मग वाटायचं, कपाट सगळ्यांना माहीत आहे. मग तांदळाच्या डब्यात. मग हिच्या पैठणीच्या घडीत. मास्तरकीत उभी हयात गेली, परीक्षेचे पेपर सांभाळले, पण तेव्हा असं झालं नाही. दार वाजलं की आधी त्या जागेवर आहेत ना ते बघायचो. बायको म्हणायची, तुम्हाला झालंय काय? तिला तरी काय सांगणार?”

“मला का नाही बोललात?” कुमुदिनीबाईंनी विचारलं. हे त्यांनी आधीही विचारलं असावं.

“तुम्ही म्हणालात, भावजी, तुम्ही देवमाणूस. आता देवमाणसानं कसं म्हणायचं, की मला हे नको?”

सगुणाबाई हसली. मग भावजीही हसले.

“आणि त्यातला एक चेक हरवला,” कुमुदिनीबाई म्हणाल्या.

हसणं थांबलं.

“हरवला?”

“इकडून तिकडे ठेवताना कुठे पडला, की रद्दीत गेला... दोघांनी मिळून घर पालथं घातलं. तांदूळ चाळले. नाही सापडला. माझी सही असलेला कोरा चेक, अक्का. यांनी आयुष्यभर खिडकीवर उभं राहून सांभाळलेलं सगळं त्या एका कागदावर उघडं पडलेलं. रात्रभर मी नाम घेत होते. तोंडात नाम, आणि डोळ्यांसमोर तो कागद.”

“मग?”

“सकाळी एकादशी. उपास होता. गेले बँकेत. पहिल्यांदाच एकटी गेले. दारात उभी राहिले तर कुठल्या टेबलाशी जायचं ते कळेना. एक मुलगी होती तिथे अधिकारी, माझ्या लेकीपेक्षा लहान. तिला सगळं सांगितलं. तिनं डोक्याला हात लावला. म्हणाली, मावशी, सही केलेला कोरा चेक म्हणजे उघडं घर. कुणीही काहीही लिहील. मी म्हटलं, मी नाम घेऊन सही केली होती. ती म्हणाली, मावशी, बँकेला नाम दिसत नाही, फक्त सही दिसते.”

आमच्यापैकी कुणी हसलं नाही. अक्कामाई मात्र थोड्या हसल्या.

“तिनं अर्ज लिहून घेतला. हरवलेल्या चेकचा नंबर घातला. त्या नंबरचा चेक कुणी आणला तरी पैसे द्यायचे नाहीत, म्हणून. पासबुक भरून दिलं. त्या चेकवर एकही पैसा गेला नव्हता. उरलेले चेक मी तिच्यासमोर फाडले. तिनं नवं पुस्तक मागवून दिलं आणि एका चिठोऱ्यावर शिकवलं. आधी नाव. मग आकडा. मग अक्षरात. अक्षरांच्या शेवटी ‘मात्र’, आणि पुढच्या रिकाम्या जागेत आडवी रेघ, म्हणजे कुणाला काही जोडता येऊ नये. कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा, म्हणजे पैसे त्याच नावाच्या खात्यात जातील, हातात मिळणार नाहीत. आणि सही...”

त्या क्षणभर थांबल्या.

“सही शेवटी. सगळ्यात शेवटी.”

अक्कामाई ऐकत होत्या.

“मग विजेचं बिल?”

“ते खिडकीवर जाऊन भरलं. मुदत संपायला दोन दिवस होते. रांग मोठी होती. यांच्याच वेळचे एक गृहस्थ पुढे होते, म्हणाले, बोंद्रे दिसले नाहीत बरेच दिवस. मी सांगितलं. ते म्हणाले, ते पावती घेतली की तिथंच आकडा ताडून बघायचे. मीही बघितला...”

“आणि पावती?”

“तारेला.” त्यांनी डोळे पुसले. “माळ्यावरून काढली. यांनी शेवटची ओवलेली पावती गॅसची होती. त्याच्यावर मी माझी ओवली.”

बाहेर औदुंबराचं पान पत्र्यावर पडल्याचं ऐकू आलं.

तेवढ्यात कुमुदिनीबाईंच्या पिशवीतला फोन वाजला. त्यांनी घाईनं काढला. बटणांचाच तो. अक्कामाईंकडे पाहिलं.

“घे,” अक्कामाई म्हणाल्या.

पलीकडचा आवाज एवढा मोठा होता, की पडवीभर ऐकू येत होता.

“मॅडम, वीज ऑफिसातून बोलतोय. तुमचं बिल थकलंय. आज रात्री नऊला लाइट कट होणार.”

भावजी पायरीवरून उठले. कुमुदिनीबाईंनी हातानंच त्यांना बसायला सांगितलं.

“भरलंय मी,” त्या म्हणाल्या.

“सिस्टीममध्ये दिसत नाही, मॅडम.”

“तारेला आहे पावती.”

“कुठल्या तारेला?”

“आमच्या दारामागच्या.”

पलीकडे जरा गोंधळ झाला. “मॅडम, ते जाऊ दे. तुमच्या मोबाइलवर आता एक नंबर येईल. तो मला वाचून दाखवा, म्हणजे लगेच अपडेट करतो.”

कुमुदिनीबाई थोडा वेळ फोन कानाशी धरून बसल्या. दशमीला त्या याला काय म्हणाल्या असत्या, ते प्रत्येकीला ठाऊक होतं.

“नाही वाचणार,” त्या शांतपणे म्हणाल्या. “उद्या ऑफिस उघडलं की मी स्वतः खिडकीवर येते. तुमचं नाव काय म्हणून विचारू?”

फोन बंद झाला.

“कट केला,” कुमुदिनीबाई म्हणाल्या.

“लाइट?” सगुणाबाईनं विचारलं.

“फोन.”

मग मात्र पडवीभर हसू पसरलं. भावजी टोपी काढून वारा घेऊ लागले. अक्कामाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी ताम्हन पुढे ओढलं.

आम्ही वाती खाली ठेवल्या.

कुमुदिनीबाई गंभीर झाल्या. “अक्का, आता मी मौन मागावं की नाही, तेच मला कळत नाही. बिलं तर दर महिन्याला येणार. खिडकीवर गेलं की बोलावं लागणार. मग ते मौन कसलं?”

अक्कामाईंनी पळीभर पाणी घेतलं.

कुमुदिनीबाईंनी हात पुढे केला.

पाणी तळहातावर पडलं... आणि या वेळी अक्कामाई काहीच म्हणाल्या नाहीत.

“मी म्हणू?” कुमुदिनीबाईंनी विचारलं.

अक्कामाई वाट पाहत राहिल्या.

कुमुदिनीबाईंनी डोळे मिटले नाहीत. हातातल्या पाण्याकडे बघत, सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत त्या म्हणाल्या:

“मी, कुमुदिनी दत्ताराम बोंद्रे, राहणार मिरज. आज आषाढातली पौर्णिमा. आजपासून कार्तिकी एकादशीपर्यंत मौन पाळीन. ज्या दिवशी बिलं भरायची असतील, आणि ज्या दिवशी पासबुक भरून घ्यायचं असेल, त्या दिवशी लागेल तेवढं बोलेन, जास्त नाही. माझ्या सहीआधी माझा शब्द असेल. आणि माझ्या मौनाचं ओझं दुसऱ्या कुणाच्या घरात ठेवणार नाही. एवढंच.”

पायरीवर विश्रामभावजींनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

पाणी तळहातावर स्थिर होतं. एक थेंब खाली पडला नव्हता.

कुमुदिनीबाईंनी मान वर केली.

“अक्का... सोडू?”

अक्कामाईंनी कापसाचं बोंड उचललं. त्यातलं सरकीचं एक बी काढून बाजूला ठेवलं.

“मला काय विचारतेस?” त्या म्हणाल्या. “हात तुझा आहे.”